मुंबई ते गडहिंग्लज : ३२,०३७ रुपये

माझ्या वडिलांना, अप्पांना, मुंबईहून गावी आणलं, त्या गाडीची पावती माझ्या कपाटात आहे. कार्बन लावून लिहिलेली, त्यामुळं अक्षर निळं आणि फिकट. वर 'पेशंटचे नाव' असं छापलंय आणि त्यापुढं अप्पांचं नाव. अप्पा तेव्हा पेशंट राहिले नव्हते. पण मयतासाठी वेगळं पावतीपुस्तक त्या लोकांकडं नव्हतं.

मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत कॅशियर आहे. एकवीस वर्षं झाली. लोक कशाकशासाठी कर्ज काढतात ते रोज बघते. घर, लग्न, ऑपरेशन, ट्रॅक्टर, म्हैस. मयताच्या खर्चासाठी म्हणून मात्र आजवर एकही अर्ज आलेला नाही. तो खर्च लोक हातउसने घेऊन करतात, कुणी बायकोच्या पाटल्या ठेवून करतं, आणि दोन महिन्यांनी अर्जात 'घरगुती अडचण' असं लिहून ते फेडायला कर्ज मागतात. अप्पा जाईपर्यंत मीही त्या दोन शब्दांवर कधी थांबले नव्हते. आता थांबते.

अप्पा एसटीत ड्रायव्हर होते, गडहिंग्लज आगारात. नोकरीची शेवटची बरीच वर्षं त्यांनी मुंबईची रातराणी चालवली. संध्याकाळी गडहिंग्लज सोडायचं, संकेश्वरला महामार्गाला लागायचं, निपाणी, कागल, कोल्हापूर, कराड, सातारा, आणि उजाडता मुंबई. गावातली निम्मी पोरं त्यांच्याच गाडीनं मुंबईला गेली, गिरणीत लागली, गिरण्या बंद पडल्यावर त्याच गाडीनं परत आली. अप्पांचा एक नियम होता. आपल्या माणसानं गाडीत बसलं तरी तिकीट काढायचं. कंडक्टर म्हणायचा, "असू दे की मामा, तुमचीच बहीण हाय." अप्पा इंजिन बंद करून बसायचे. आत्या चिडायची, कनवटीचे पैसे काढायची, तिकीट घ्यायची, मग गाडी हलायची. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेलीय की मला ती स्वतः पाहिल्यासारखी वाटते.

आम्ही लिंगायत. आमच्यात दहन नाही, माती देतात, आणि तीही बसवून. आमची अव्वा, म्हणजे आई, २०११ साली गेली. शेताच्या वरच्या बांधाला, जांभळाच्या झाडाखाली तिची समाधी आहे. आजा-आजी तिथंच. सुगीला गेलं की अप्पा तिच्या शेजारची जागा पायानं दाखवायचे आणि म्हणायचे, "एवढी माझी." ते मरणाचं बोलतायत असं तेव्हा कुणालाच वाटायचं नाही, इतकं ते ऊस कुठं लावायचा ते सांगितल्यासारखं सांगायचे.

धाकटा भाऊ महेश मुंबईला असतो. किडनीच्या तपासणीसाठी म्हणून अप्पांना त्यानं तिकडं नेलं, तिथंच न्यूमोनिया झाला, आणि बाराव्या दिवशी रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ते गेले. फोन आला तेव्हा मी राजारामपुरीत घरी होते. महेश रडत नव्हता. म्हणाला, "अक्का, अप्पा गेले. आता काय करायचं सांग."

मग थोडं थांबून तो म्हणाला, "इथंच करूया का?"

ह्या वाक्यावरून मी त्याच्यावर पुष्कळ दिवस रागावले होते. आता नाही. रात्री बारा वाजता, बारा दिवसांच्या जागरणानंतर, खिशात क्रेडिट कार्ड संपत आलेलं असताना साडेचारशे किलोमीटरचा रस्ता समोर दिसला तर कुणीही असंच म्हणेल. त्यानं एका वॉर्डबॉयला विचारलं होतं आणि त्यानं अंदाज सांगितला होता, "गावापर्यंत पन्नास हजार धरून चाला." पन्नास हजार हा आकडा ऐकूनच त्याला धाप लागली होती. मी त्याला म्हटलं, "अव्वाशेजारची जागा मोकळी ठेवायची का मग आपण?" तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "गाडी बघतो."

गाडी शेवटी मीच बघितली, कोल्हापुरातनं, फोनवरनं. ह्यांनी दुसऱ्या मोबाईलवर नंबर शोधायचे आणि मी बोलायचं. १०८ ला लावायचा विचार आधी मनात आला, पण ती सेवा पेशंटसाठी आहे, मयत नेण्यासाठी नाही. रेल्वेनंही नेता येतं. पार्सल ऑफिसात बुकिंग करायचं, बॉडी ब्रेकव्हॅनमधनं जाते, सोबतच्या माणसानं त्याच गाडीचं तिकीट काढायचं. पण महालक्ष्मी एक्सप्रेस सुटणार दुसऱ्या दिवशी रात्री, म्हणजे अप्पांना अख्खा एक दिवस शवागारात ठेवावं लागणार. शिवाय रेल्वेसाठी एम्बामिंग, म्हणजे मयत टिकवायला आत औषध सोडणं, पाहिजे आणि पेटी पाहिजे. विमानाचंही तेच, वर तिथं पेटीसकट वजन करून किलोवर भाडं. ते मला कुणीतरी सरळ आवाजात सांगितलं, त्याची काही चूक नव्हती, पण मी फोन ठेवला आणि दोन मिनिटं गप्प बसून राहिले. बारा दिवसांत अप्पांचं वजन किती उतरलं असेल, हाच विचार डोक्यात येत राहिला.

पहिल्या गाडीवाल्यानं एकरकमी ४२ हजार सांगितले, कशाचे ते सांगेना. दुसरा म्हणाला, "आधी पंधरा हजार टाका, मग गाडी हलवतो, बाकीचं पोचल्यावर बघू." 'पोचल्यावर बघू' ह्याचा अर्थ मला पतसंस्थेत बसून चांगला कळतो. अंगणात मयत ठेवलेलं असताना, चारशे माणसं जमलेली असताना कोण घासाघीस करणार? तिसऱ्यानं किलोमीटरचा दर सांगितला. २० रुपये, जाऊन येऊन. मी विचारलं, यायचे कशाला? म्हणाला, "ताई, येताना गाडी रिकामीच येणार, त्यात दुसरा पेशंट मिळत नाही." ते मला पटलं. डिझेल त्याचंही जळणारच. ४४५ किलोमीटर एका बाजूनं, दोन्ही मिळून ८९०, म्हणजे १७,८००. फ्रीजरचे साडेचार हजार वेगळे. लांबचा पल्ला म्हणून दुसरा ड्रायव्हर, त्याचे दीड हजार.

एवढं झाल्यावर तो म्हणाला, "एम्बामिंग करून घ्या, नऊ हजार होतील. त्याशिवाय जिल्ह्याबाहेर नेता येत नाही."

आणि नेमका त्याच वेळी गावाकडनं आत्याचा फोन आला.

आत्या अप्पांची थोरली बहीण. चौऱ्याऐंशी वर्षांची. रडून आवाज बसला होता, पण बोलणं स्वच्छ. म्हणाली, "मी सांगतो ते ध्यान दिऊन ऐक. त्येचं पाय बांधू दिऊ नकोस. दवाखान्यात अंगठं बांधत्यात. सोडाय लाव. आन् गुडघ्यात दुमडून मांडी घालाय सांग, अंग ऊन हाय तवरच." मी म्हटलं, आत्या, गाडीत स्ट्रेचर असतं, आडवंच न्यावं लागतं. तर म्हणाली, "मग हितं बसवायचा कसा त्याला?"

तोवर मला हे सुचलंच नव्हतं. माणूस गेल्यावर दोन-चार तासांत अंग आखडायला लागतं, बारा तासांत पार लाकूड होतं. थंडीत ते आखडणं लवकर सुटतही नाही. आमच्या घरात मयत झालं तर पहिल्या अर्ध्या तासातच भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, ते ह्याचसाठी. लहानपणापासून मी ते बघत आले होते, कारण कधी विचारलं नव्हतं. आणि एम्बामिंग म्हणजे शरीरात फॉर्मलिन सोडतात, त्यानं मांस घट्ट होतं. मग अप्पांना मांडी घालून बसवणं विसरायचंच. आत्याला फॉर्मलिन माहीत नाही, पण गावात एकदा परदेशातनं पेटीतनं आलेलं मयत तिनं बघितलं होतं. "त्येला निजवूनच माती द्यावी लागली," एवढंच ती म्हणाली.

मी गाडीवाल्याला विचारलं, रस्त्यानं न्यायला एम्बामिंग लागतं हे कुठं लिहिलंय ते दाखवा. दाखवतो म्हणाला आणि दाखवलं नाही. आठ-दहा तासांचा रस्ता, फ्रीजरची गाडी, त्याला गरज नव्हती. नऊ हजार तिथं वाचले. पण मला खरी काळजी नऊ हजारांची नव्हती.

महेशला फोन लावला. अप्पांचे अंगठे पट्टीनं बांधून झाले होते. वॉर्डातल्या मावशींना त्यानं कारण सांगितलं. त्या बाई साताऱ्याकडच्या होत्या. त्यांनी एक शब्दही न विचारता पट्टी सोडली आणि अप्पांचे गुडघे हळूहळू वर घेऊन दुमडून, खाली उशी लावून ठेवले. पूर्ण मांडी नाही, पण पाय पोटाशी. महेशनं त्यांना पाचशे रुपये द्यायला काढले तर त्यांनी हात मागं घेतला. त्या रात्रीच्या हिशेबात हे न घेतलेले पाचशे रुपये मी मुद्दाम लिहून ठेवलेत.

हॉस्पिटलचं बिल थोडक्यात सांगते. ६१ हजार बाकी होती आणि काउंटरवरचा माणूस म्हणाला, बिल पूर्ण भरल्याशिवाय बॉडी मिळणार नाही. रात्री तीन वाजता आम्ही, मेहुण्यानं आणि महेशच्या दोन मित्रांनी मिळून मोबाईलवरनं पैसे टाकले. नंतर मला कळलं की राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत मयताचं शरीर ताब्यात मिळणं हा नातेवाइकांचा हक्क म्हणून लिहिलेला आहे, बिलासाठी ते अडवून ठेवायचं नसतं. आम्ही बिल बुडवणार नव्हतो. पण सकाळी बँक उघडेपर्यंत थांबा असं आम्ही म्हणू शकलो असतो. त्या काउंटरपुढं उभं राहून तसं म्हणायला लागणारं बळ महेशकडं नव्हतं. माझ्याकडंही असतं का, सांगता येत नाही.

पावणेपाचला गाडी निघाली.

दुपारी सव्वाबारापासून मी तावडे हॉटेलपाशी उभी होते. कोल्हापूरच्या लोकांना सांगायला नको, हायवे सोडून शहरात शिरायचं ते ठिकाण. ह्यांनी आमची गाडी कडेला लावली होती, मी उन्हात बाहेर. समोरनं उसाच्या ट्रॉल्या, आराम गाड्या, एसट्या. पुण्याकडनं पांढरी गाडी दिसली की पोटात खड्डा पडायचा. माझ्या पिशवीत विभूती होती, बेल होता आणि अप्पांचं चष्म्याचं रिकामं घर होतं. ते का घेतलं होतं, मला माहीत नाही.

गाडी थांबली. मागचं दार उघडलं तर फ्रीजरच्या पेटीचं झाकण नीट बसलेलंच नव्हतं. अप्पांचे गुडघे वर होते ना, त्यामुळं. फटीत टॉवेल कोंबले होते आणि महेश झाकणावर हात दाबून बसला होता. मुंबईपासनं. हात बदलत बदलत, साडेसात तास. त्याचे तळवे पांढरे पडले होते. मी त्याचा हात धरला तर बर्फासारखा गार. त्या क्षणी 'इथंच करूया का' हे वाक्य माझ्या मनातनं गेलं.

त्यानं सांगितलं, खंबाटकीचा घाट चढताना ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं होतं, "वडील काय करायचे?" एसटीत होते, मुंबई रातराणी, असं सांगितल्यावर त्या पोरानं गाणी आधीच बंद केली होती ती केलीच, पण पुढं प्रत्येक खड्ड्याला गाडी अशी हळू घेतली की दुसरा ड्रायव्हर घड्याळ बघायला लागला. पुढचा रस्ता मी मागं बसून गेले. उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव, कागल, कोगनोळीचा नाका, निपाणी. संकेश्वरला गाडी वळली तेव्हा महेश पेटीवर हलकंसं थोपटून म्हणाला, "अप्पा, संकेश्वर."

गावात पोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते. म्हणजे जाऊन चौदा तास उलटून गेले होते. अंग कडक. पाय दुमडलेले, पण मांडी नव्हती, आणि मान एका बाजूला कललेली. आत्यानं ऊन पाणी काढून ठेवलं होतं. आमच्या भावकीतले एक काका आहेत, गावातलं कुठलंही मयत बसवायला त्यांनाच बोलावतात. ते अप्पांच्या पायाशी उकिडवे बसले. ऊन पाण्यात पंचा बुडवून गुडघ्यावर ठेवायचे, निववायचे, परत बुडवायचे. मग दोन्ही अंगठ्यांनी गुडघ्याच्या वाटीभोवती चोळायचे. घाई नाही. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते, मी जवळ जाऊन ऐकलं तर ते अप्पांशीच बोलत होते. "झालं आता, जरा ढिला सोड, एवढं एक." एक सांधा सुटायला दहा-बारा मिनिटं. आधी उजवा गुडघा, मग डावा, मग घोटे. सांधा सुटताना बारीक आवाज यायचा आणि आत्या दर वेळी डोळे मिटायची. एकदा सोडवला की तो सांधा परत आखडत नाही, हे काकांनी मला नंतर सांगितलं. सर्वांत शेवटी मान. दोन्ही हातांच्या ओंजळीत डोकं धरून त्यांनी ती सरळ केली, कपाळाला पट्टी घेऊन मागं खुर्चीला बांधली, आणि अप्पा बसले.

मांडी घालून. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डाव्या तळहातावर इष्टलिंग. बारा दिवस मी त्यांना व्हिडिओ कॉलवर नळ्यांमध्ये आडवं बघितलं होतं. बसलेले अप्पा म्हणजे परत अप्पा होते. ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे तसे, पाठ ताठ.

समाधीचा खड्डा भावकीतल्या पोरांनी सकाळपासून काढला होता. कुणीतरी जेसीबी आणू का म्हणून विचारलं होतं, आत्या नको म्हणाली. जांभळाच्या मुळ्या आडव्या आल्या, त्या पोरांनी तोडल्या नाहीत, वळसा घालून खणलं. आत एका अंगाला बसवायला कोनाडा. तो खणणाऱ्या पाच जणांनी चहा सोडून काही घेतलं नाही. बेल, मीठ, फुलं, विमानाच्या, म्हणजे मयत बसवून न्यायच्या तिरडीच्या, कळकाच्या काठ्या आणि कापड, स्वामींची दक्षिणा, बाहेरगावच्या माणसांचं जेवण, सगळं मिळून गावातला खर्च झाला ६,४००. दिवस मावळायच्या आत अप्पा अव्वाशेजारी बसले.

आता त्या पावतीकडं येते.

कार्य उरकून कोल्हापूरला परत आल्यावर मी ती नीट वाचली. गाडीभाडं १७,८००, फ्रीजर ४,५००, दुसरा ड्रायव्हर १,५००, हे ठरलेलं होतं. त्याखाली टोल १,३५०. त्याखाली 'सर्व्हिस चार्ज' २,०००. बेरीज २७,१५०. आणि त्याच्यावर १८ टक्के जीएसटी, ४,८८७. एकूण ३२,०३७. हे पैसे महेशनं गाडीतनं उतरता उतरता देऊन टाकले होते.

जीएसटीचा आकडा बघून मला कसंतरी झालं. आमच्या ऑफिसात करसल्लागार येतात, त्यांना विचारलं. त्यांनी कायदाच उघडून दाखवला. केंद्रीय जीएसटी कायदा २०१७, अनुसूची ३. अंत्यविधी, दफन, स्मशान, शवागार आणि मयताची ने-आण, ह्यातलं काहीही जीएसटीच्या दृष्टीनं वस्तू नाही आणि सेवाही नाही. म्हणजे ह्यावर कर लागूच होत नाही. माझ्या वडिलांच्या शेवटच्या प्रवासावर १८ टक्के लावून कुणीतरी ते खिशात घातले होते किंवा हिशेब न कळता लावले होते, दोन्ही मला सारखंच लागलं. टोलचंही तसंच. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत अँब्युलन्स आणि शववाहिका दोन्हींना माफी आहे. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे सगळे राष्ट्रीय महामार्गावरचे नाके. मी टोलच्या पावत्या मागितल्या. मिळाल्या नाहीत.

मी पत्र पाठवलं, मग दोनदा फोन केला. दुसऱ्या फोनला तो माणूस म्हणाला, "मॅडम, वडिलांच्या कार्यात कोण असं पैशाचं बघतं?" ह्या एका वाक्यावर हा सगळा धंदा चालतो. दर विचारला की तुमचं प्रेम कमी. पावती मागितली की तुम्ही चिक्कू. मी त्याला म्हटलं, माझे वडील सख्ख्या बहिणीला तिकीट काढल्याशिवाय गाडी हलवत नव्हते. त्यांच्या कार्यात पैशाचं नीट बघणार नाही तर कधी बघणार? सहा आठवड्यांनी ४,८८७ रुपये खात्यावर आले. टोलचे आणि सर्व्हिस चार्जचे आले नाहीत, आणि मी अजून सोडलेले नाहीत.

हे सगळं मी आता ओळखीतल्या प्रत्येकाला सांगते. अँब्युलन्सचे किलोमीटरमागचे दर आरटीओ ठरवून देतं, ते विचारा. एका बाजूचे की दोन्ही बाजूंचे ते आधीच बोला. रक्कम व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. ज्याचं माणूस गेलंय त्यानं स्वतः फोनवर बसू नये, दुसऱ्या कुणीतरी, जरा लांबच्या पण धीराच्या माणसानं बसावं. आणि मृत्यूचा दाखला जिथं मृत्यू झाला तिथलाच मिळतो, गावचा नाही. नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. महेशला त्यासाठी परत हेलपाटे पडले, आणि वारसनोंदीला तलाठ्यानं मुंबईचाच दाखला मागितला.

आमच्या संस्थेत पिग्मी गोळा करणारे एक भाई आहेत. त्यांचा धाकटा भाऊ आखातात फिटर होता, तिकडंच हृदयविकारानं गेला. त्याला आणायला अकरा दिवस लागले. तिथला मृत्यूचा दाखला, आपल्या वकिलातीचं ना हरकत पत्र, रद्द केलेला पासपोर्ट, एम्बामिंगचा दाखला, एकेक कागद गोळा होईपर्यंत. विमानाचा खर्च कंपनीनं केला. अशा वेळी कुणीच नसेल तर वकिलातीत २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातनंही गरजूंचं मयत आणायला मदत होते. दहावी न झालेली जी पोरं तिकडं कामाला जातात त्यांना प्रवासी भारतीय विमा काढावाच लागतो. दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५. पण तो कागद घरातल्या कुणाला दाखवून जाणारा पोरगा मी अजून बघितलेला नाही. आणि भाईंनी मला एक गोष्ट सांगितली, ती मला तेव्हा कळली नव्हती. विमान मुंबईपर्यंत. विमानतळाच्या दारापासून कोल्हापूरच्या बागल चौकातल्या कब्रस्तानापर्यंत भावाला त्यांचं त्यांनीच आणलं. तिथं दर सांगणारा माणूस, रात्र आणि घाई, सगळं आमच्यासारखंच.

कोल्हापूरबद्दल मला एका गोष्टीचा फार अभिमान आहे. पंचगंगेच्या स्मशानात महापालिका दहनाचे पैसे घेत नाही. होळी लहान करून लोक शेणी, म्हणजे गोवऱ्या, स्मशानाला देतात, तालमी देतात, शाळेतली पोरं देतात. श्रीमंत असो की रस्त्यावरचा, शेवटचा विधी फुकट. ज्या गावाला हे सुचलं आणि जे इतकी वर्षं चालवून दाखवलं, त्या गावाला बाहेरगावी गेलेलं आपलं माणूस परत आणायचीही काहीतरी सोय करता येईल असं मला मनापासून वाटतं. एखाद्या तालमीनं, एखाद्या संस्थेनं एक गाडी ठेवावी आणि दर फलकावर लावावा. मी आमच्या संचालकांना अर्ज दिलाय. मयताच्या वाहतुकीसाठी बिनव्याजी पंचवीस हजार, त्याच दिवशी, रात्री फोन केला तरी. अर्जावर अजून निर्णय झालेला नाही. पुढच्या मीटिंगला मी परत विषय काढणार आहे.

गावाहून निघायच्या दिवशी आत्यानं मला आत बोलावलं. "किती लागलं गाडीला?" म्हणाली. मी टाळायला बघितलं. ती हट्टाला पेटली. शेवटी सांगितलं, बत्तीस हजार. तिनं नुसती मान हलवली. मग कनवटीला हात घातला, प्लॅस्टिकच्या पिशवीची घडी काढली, त्यातनं शंभराच्या दोन नोटा वेगळ्या केल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या.

मी म्हटलं, आत्या, हे कशाला?

"त्येच्या गाडीत मला कदी फुकट बसू दिलं न्हाई त्येनं," ती म्हणाली. "आता त्येचं तिकीट मी काढतो."

नोटा मी खर्चल्या नाहीत. पावतीला टाचणीनं लावून ठेवल्यात. वहीत नावे बाजू भरलेली आहे, गाडी, फ्रीजर, मीठ, बेल, सगळी. जमा बाजूला दोनच ओळी आहेत. परत आलेला कर, ४,८८७ रुपये. आणि त्याच्या वर, आधीच्या तारखेला : आत्या, अप्पांचं तिकीट, २०० रुपये.